ताऱ्यांच्या रेघा

रात्रीच्या आकाशाचें छायाचित्र घेऊं पाहणाऱ्या माणसाची पहिली तक्रार अशी असते कीं, तारे जागेवर ठरत नाहींत. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, शटर मिनिटभर उघडें ठेवावें आणि पाहावें तों ताऱ्याच्या ठिपक्याऐवजीं चित्रांत एक बारीकशी रेघ उमटलेली! कॅमेरा हलला नाहीं, वारा सुटला नव्हता, आपला हातहि लागला नाहीं. हलली ती आपल्या पायांखालची पृथ्वी. ज्योतिःशास्त्रज्ञांना या रेघेनें फार दिवस सतावलें. १७ जुलै १८५० रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत बॉण्ड व व्हिपल या दोघांनीं अभिजित् ताऱ्याचें छायाचित्र घेतलें. सूर्य वगळला तर कोणत्याहि ताऱ्याचें तें पहिलें छायाचित्र होय. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर सुमारें १०० सेकंद प्रकाश पडूं द्यावा लागला, आणि तेवढा वेळ ती अवजड दुर्बीण यंत्राच्या साह्यानें ताऱ्यामागोमाग फिरवीत ठेवावी लागली. ताऱ्यानें रेघ ओढूं नये एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप! आज मी आपणांपुढें जें मांडणार आहें तें याच्या नेमकें उलट आहे. ताऱ्यांकडून ती रेघ मुद्दाम कशी काढवून घ्यावी, त्याला आजचा डिजिटल कॅमेरा कसा उपयोगीं पडतो, आणि एवढें करून हातीं काय येतें, हें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या छंदाकडे मी वळलों त्याला एक घरगुती कारण घडलें. माझे वडील – आम्ही त्यांना नाना म्हणतों – साताऱ्यास गणिताचे शिक्षक होते. उन्हाळ्यांत आम्हां भावंडांना घेऊन ते गच्चीवर निजत, आणि झोंप लागेपर्यंत नक्षत्रें दाखवीत. सप्तर्षींतील पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा वाढवा, म्हणजे ध्रुव सांपडतो, ही युक्ति मला पाढ्यांच्या आधीं येत होती. “बाकीचे सगळे फिरतात, हा एकटा फिरत नाहीं,” हें त्यांचें वाक्य ठरलेलें असे. सहा वर्षांपूर्वीं नानांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडला. कडेचें दिसतें, पण मधोमध जें पाहूं जावें तेंच नेमकें पुसलें जातें. समोर बसलेल्या माणसाचा कान त्यांना दिसतो, चेहरा दिसत नाहीं. तारे तर मुळींच दिसेनासे झाले. ते कधीं त्याविषयीं बोलले नाहींत. फक्त रात्रीं गच्चीवर जाणें त्यांनीं सोडून दिलें. आकाश मोठ्या कागदावर छापून आणलें तर कडेच्या नजरेनें तरी त्यांना कांहीं दिसेल, असें माझ्या मनांत आलें. ठिपके दिसले नसते. रेघा दिसण्याची आशा होती.

प्रथम या रेघा उमटतात कशा तें पाहूं. पृथ्वी स्वतःभोंवतीं एक फेरा २३ तास ५६ मिनिटांत पुरा करते. म्हणजे आकाश तासाला सुमारें १५ अंश सरकल्यासारखें दिसतें. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास हें ओळखलें होतें. चालत्या नावेंतील माणसाला कांठावरच्या स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, तसे स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जातांना दिसतात, असा दाखला त्यानें दिला आहे. नावेंतून कॅमेरा रोखून शटर उघडें ठेवलें तर कांठावरचे दिवे जशा रेघा ओढतील, तशाच या ताऱ्यांच्या रेघा. फरक इतकाच कीं आपली नाव गोल फिरते, म्हणून रेघाहि गोल येतात. उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें तर ध्रुवाच्या भोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें कंसामागून कंस दिसतात. पूर्वेकडे वळलें तर वक्रता कमी कमी होत जाते, आणि बरोबर विषुववृत्तावर असलेला तारा सरळ रेघ ओढतो. मृगाच्या पोटांतील तीन ताऱ्यांपैकीं जो आधीं उगवतो तो जवळजवळ अचूक विषुववृत्तावर आहे. त्याची रेघ पट्टीनें आंखल्यासारखी येते. तिच्या उत्तरेकडच्या रेघा एका बाजूस वाकतात, दक्षिणेकडच्या दुसऱ्या. एका चित्रांत हें तिन्ही प्रकारचें वळण पाहावयास मिळतें, आणि भूगोलाच्या पुस्तकांतील आकृत्यांनीं जें कधीं नीट पटलें नव्हतें तें क्षणांत पटतें.

एक गोष्ट मात्र आरंभींच ध्यानांत घ्यावी. युरोपांतील छायाचित्रांत ध्रुव आकाशांत उंच असतो आणि त्याच्याभोंवतीं कंसांचीं मोठमोठीं वलयें क्षितिजाला न शिवतां फिरलेलीं दिसतात. तीं पाहून आपणहि तसेंच चित्र काढूं म्हणाल तर निराश व्हाल. ध्रुवाची उंची त्या गांवाच्या अक्षांशाइतकी असते. पुण्याहून ध्रुव साडेअठरा अंशांवर, मुंबईहून एकोणीस अंशांवर. म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर क्षितिजापासून दुसऱ्या मुठीच्या माथ्याशीं. त्यामुळें आपल्याकडे बहुतेक वलयांचा खालचा भाग जमिनींत बुडतो. सप्तर्षि लंडनच्या आकाशांत कधीं मावळत नाहींत, आपल्याकडे मावळतात. मला हें आपलें वैगुण्य वाटत नाहीं. कमानी जमिनींतून उगवून जमिनींत शिरतात, आणि खालीं एखादें देऊळ किंवा झाड असेल तर तें त्या कमानींत जाऊन बसतें.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. फिल्मच्या काळांत ही कला साधी होती: अंधारी रात्र निवडावी, शटर उघडावें आणि तास-दोन तास शेकोटीशीं जाऊन बसावें. डेव्हिड मॅलिन यांनीं ऑस्ट्रेलियांतील सायडिंग स्प्रिंगच्या वेधशाळेपाशीं कित्येक तास शटर उघडें ठेवून घेतलेलीं चित्रें जगभर गाजलीं. तेथें दक्षिण ध्रुवापाशीं डोळ्यांत भरण्याजोगा तारा नाहीं. त्यामुळें सारीं वलयें एका रिकाम्या जागेभोंवतीं फिरतात. डिजिटल कॅमेऱ्यांत हा सरळ मार्ग चालत नाहीं. त्यांत फिल्मऐवजीं प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधि अतिसूक्ष्म घरांची पाटी असते. प्रत्येक घरांत पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणांत विजेचे कण सांठतात आणि शेवटीं ते मोजले जातात. परंतु हे कण नुसत्या उष्णतेनेंहि सुटतात. शटर तासभर उघडें राहिलें तर पाटी तापते, आणि जेथें तारा नाहीं तेथेंहि तांबडे-निळे ठिपके उगवतात. शिवाय आकाशाचा स्वतःचा मंद उजेड सांठत जातो आणि अखेर सगळें चित्र दुधाळ होऊन बसतें.

यावरचा तोडगा असा. एक तासाचें एक छायाचित्र न घेतां तीस तीस सेकंदांचीं शेंकडों छायाचित्रें ओळीनें घ्यावयाचीं, आणि मग घरीं येऊन संगणकावर तीं एकावर एक रचावयाचीं. रचण्याचा नियम एवढाच: चित्रांतील एकेक बिंदु घ्यावा, सगळ्या छायाचित्रांत तो पाहावा, आणि जेथें तो सर्वांत उजळ असेल तेवढाच राखावा. येथें बेरीज करावयाची नाहीं. बेरीज केली तर आकाशाचा उजेडहि वाढेल. सर्वांत उजळ तेंच राखलें, तर आकाश जेवढें काळें होतें तेवढेंच राहतें, आणि तारा मात्र जेथून जेथून गेला तेथें तेथें आपली खूण ठेवतो. हें काम करणारे, स्टारस्टॅक्ससारखे कार्यक्रम विनामूल्य मिळतात, आणि आपण चहा घेईपर्यंत त्यांचें काम आटोपतें.

सामग्री फार लागत नाहीं. हातानें फोकस करतां येईल व शटरचा वेळ हातानें ठरवितां येईल असा कोणताहि कॅमेरा, रुंद दृश्य घेणारी लेन्स, न डगमगणारा ट्रायपॉड, आणि शटरचें बटण दाबून अडकवून ठेवणारी केबल. लेन्सचें छिद्र २.८ किंवा ४ वर, आयएसओ ८०० ते १६००, वेळ तीस सेकंद. फोकस आपोआप होत नाहीं, कारण अंधारांत यंत्राला धरण्यासारखें कांहीं सांपडत नाहीं. एखादा ठळक तारा, व्याध किंवा ब्रह्महृदय, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहावा, तो अगदीं टांचणीच्या टोंकाएवढा होईपर्यंत कडें फिरवावें, आणि मग त्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. ही चिकटपट्टी दोन रुपयांची असते, पण ती न लावल्यामुळें वाया गेलेल्या रात्री मीं मोजल्या आहेत.

वाया जाण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक मीं स्वतः करून पाहिले. पानशेतच्या पाण्याकांठीं घेतलेल्या माझ्या पहिल्या चित्रांत रेघांऐवजीं तुटक तुटक टांके आले, जणूं कोणी आकाशाला धांवदोरा घातला होता. पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. बऱ्याच कॅमेऱ्यांत दीर्घ वेळाच्या छायाचित्रांतील ठिपके काढण्याची एक सोय असते. ती चालू असली कीं तीस सेकंदांचें छायाचित्र झाल्यावर यंत्र शटर मिटून आणखी तीस सेकंद नुसता अंधार टिपतें आणि तो पहिल्यांतून वजा करतें. एकट्या छायाचित्राला हें हितकर. आपल्या कामीं घातक, कारण तेवढ्या वेळांत तारा पुढें निघून जातो. ती सोय प्रथम बंद करावी. दोन छायाचित्रांमध्यें एका सेकंदाहून अधिक खंड पडतां कामा नये. दुसऱ्या खेपेस दंव पडलें. मध्यरात्रीनंतर तारे हळूहळू मंदावत गेले आणि अखेर नाहींसे झाले. आकाश निरभ्र होतें, लेन्स मात्र सकाळच्या गवतासारखी ओली झाली होती. आतां मी लेन्सभोंवतीं मंद ऊब देणारी एक पट्टी गुंडाळतों. ती मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालते. तिसऱ्या खेपेस बॅटरी संपली. चौथ्या खेपेस आमच्याच मंडळींतील एका गृहस्थांनीं “आलें का चित्र?” म्हणून विजेरीचा झोत सरळ लेन्सवर टाकला. त्यांना मी दोष देत नाहीं. थंडींत तीन तास नुसतें बसणें सगळ्यांनाच जमतें असें नाहीं.

तेवढ्यासाठीं गडावरच जावें लागतें असें मात्र समजूं नका. पुण्यासारख्या शहराच्या आकाशांत तीस सेकंदांचें छायाचित्र पिवळट पांढरें होऊन जातें, हें खरें. परंतु वेळ आठ सेकंदांवर आणावा, आयएसओ ४०० वर आणावा, आणि अशीं पांच-सहाशें छायाचित्रें घ्यावीं. वर सांगितलेल्या नियमामुळें शहराचा उजेड सांठत नाहीं. जेवढा एका छायाचित्रांत तेवढाच सगळ्यांत. माझ्या गच्चीवरून डोळ्यांना जेमतेम वीस-पंचवीस तारे दिसतात, पण अशा चित्रांत त्याहून कितीतरी अधिक रेघा उमटल्या. रंगहि आले. तारा स्थिर टिपला तर त्याचा सगळा प्रकाश दोन-चार घरांत कोंडतो, तीं घरें तुडुंब भरतात आणि तारा पांढरा फटफटीत दिसतो. रेघेंत तोच प्रकाश पसरतो आणि त्याचा रंग टिकतो. मृगांतील काक्षी सुमारें साडेतीन हजार अंश तापमानाचा, म्हणून तिची रेघ नारिंगी. राजन्य सुमारें बारा हजार अंशांचा, म्हणून त्याची निळसर. तापमानाचा हा भेद घराच्या गच्चीवरून, नळ व टाक्यांच्या मधून, कागदावर उतरवितां येतो.

खरा काळोख मात्र आतां प्रवास करूनच गांठावा लागतो, आणि तो जपण्याचे प्रयत्न कोठेंकोठें होऊं लागले आहेत. लडाखांतील हानले येथें २०२२ सालीं काळोख्या आकाशाचें राखीव क्षेत्र घोषित झालें, आणि आपल्या विदर्भांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघासाठीं राखलेला अंधार ताऱ्यांच्याहि कामीं आला.

गेल्या मार्गशीर्षांतील अमावास्येस आम्ही अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडावर गेलों. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून दक्षिणेस साठ-सत्तर पावलांवर ट्रायपॉड रोविला, आणि दगडी शिखराच्या थोडा वर ध्रुव येईल असा बेत साधला. दहा वाजतां पहिलें छायाचित्र घेतलें. एक वाजतां थांबलों. तीन तासांत साडेतीनशें छायाचित्रें झालीं. डावीकडे शर्मिष्ठा खालीं उतरत होती, उजवीकडून सप्तर्षि वर येत होते. त्या तीन तासांत मीं एकदांहि कॅमेऱ्यांतून पाहिलें नाहीं. उताणा पडून नुसत्या डोळ्यांनीं आकाश पाहत होतों. या छंदाचा हा एक न सांगितला जाणारा फायदा आहे कीं, यंत्र आपल्या कामांत गुंतलें कीं माणूस मोकळा होतो.

घरीं आल्यावर एक प्रश्न पडला. साडेतीनशें छायाचित्रांपैकीं चाळीसएक छायाचित्रांत विमानांचे ठिपके आणि उपग्रहांच्या रेघा होत्या. २०१९ सालापासून उपग्रह डझनांनीं एकदम सोडण्याची प्रथा पडली, आणि तेव्हांपासून हा उपद्रव फार वाढला आहे. या रेघा पुसून टाकाव्या कीं राहूं द्याव्या? पुसणें सोपें आहे. कांहीं मंडळी याहून पुढें जातात: जमीन एका रात्रीची, तारे दुसऱ्या रात्रीचे, असें जुळवून चित्र करतात, आणि तीं चित्रें दिसतातहि सुंदर. माझें मत असें कीं, तें चित्रकाराचें काम आहे. त्यानें तसें सांगून करावें. छायाचित्रें रचतांना आपण नवा प्रकाश कोठूनहि आणीत नाहीं. जो बिंदु उजळला तो खरोखरच त्या रात्रीं, त्या जागीं उजळला होता. मीं विमानें पुसलीं, उपग्रह ठेवले. यांत सुसंगति नाहीं हें मला मान्य आहे. विमानांचे लुकलुकणारे ठिपके देवळाच्या शिखरावरून गेले होते आणि ते मला सोसवले नाहींत.

चित्र तीन फूट रुंदीच्या कागदावर छापून मीं साताऱ्यास नेलें. नाना खिडकीशीं बसले, कागद भिंतीला टेंकवला, आणि मान वांकडी करून कडेच्या नजरेनें पुष्कळ वेळ पाहत राहिले. नंतर म्हणाले, “गोल दिसताहेत.” मग विचारलें, “हें खरें कीं केलेलें?” मीं वर सांगितलेला नियम त्यांना समजावून दिला. गणिताच्या माणसाला तो लगेच कळला. “म्हणजे तूं बेरीज केली नाहींस, महत्तम घेतलेंस,” असें म्हणून त्यांनीं माझ्या चार वाक्यांचें एक केलें. त्यांची नात सातवींत आहे. तिनें कंपासपेटींतील कोनमापक आणून एका कंसावर धरलें आणि पंचेचाळीस अंश मोजले. “तीन तास,” नाना लगेच म्हणाले. त्यांना कोणी वेळ सांगितली नव्हती.

अडचण पुढें आली. तिनें मधला तारा नीट न्याहाळला आणि म्हणाली, “आजोबा, ध्रुवसुद्धां हलला आहे.” नाना म्हणाले, “शक्य नाहीं.” तिनें त्यांचें बोट धरून त्या जागीं नेलें, पण छापील रेघ बोटाला कशी लागणार? अखेर तिनें टांचणीनें कागदाला मागून बारीक भोंकें पाडलीं, तेव्हां तांदळाच्या दाण्याएवढी, किंचित् वांकडी रेघ त्यांच्या बोटाखालीं आली. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. दिवसभरांत तो चंद्रबिंबाच्या सुमारें अडीचपट व्यासाचें वर्तुळ फिरतो. शिवाय पृथ्वीचा आंस सुमारें २६,००० वर्षांत भोंवऱ्यासारखा एक फेरा घेतो, म्हणून ध्रुवपदावरचा तारा बदलत जातो. पांच हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास त्या जागेजवळ दुसराच एक मंद तारा होता. आणखी बारा हजार वर्षांनीं अभिजित् तिच्या आसपास येईल. आजचा ध्रुव २१०० सालाच्या सुमारास बिंदूच्या अधिकांत अधिक जवळ जाईल आणि मग दूर सरूं लागेल. नानांना हें सर्व पुस्तकांतून ठाऊक होतें. पण आपण पन्नास वर्षें मुलांना जें सांगत आलों तें बोटाखालीं खोटें ठरलेलें त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच अनुभवलें. ते बराच वेळ त्या टांचणीच्या भोंकांवरून बोट फिरवीत राहिले आणि मग नातीला म्हणाले, “उद्यां शाळेंत बाईंना सांग. आणि माझ्याहि विद्यार्थ्यांना कोणी भेटलें तर सांगा म्हणावें.”

येत्या अमावास्येस ते आमच्याबरोबर येणार आहेत. गडावर नव्हे, गाडी जेथवर जाते तेथवर. थंडीचें, वयाचें, आणि दिसणार तर कांहींच नाहीं याचें काय, असें मीं विचारून पाहिलें. त्यावर त्यांचें उत्तर तयार होतें. शटर दर एकतीस सेकंदांनीं वाजतें ना? मग ते खुर्ची टाकून कॅमेऱ्याजवळ बसतील आणि मोजतील. कोठें खंड पडला तर आम्हांला हांक मारतील.